'रु'वर संपणारी गाणी

ड्रेस्डेनला पीएचडीसाठी आले तेव्हा पुण्यात चार वर्षं घासून शिकलेली जपानी भाषा माझ्याबरोबर आली, आणि पहिलं वर्षभर ती नुसती पडून राहिली. खरं तर मला जपानला जायचं होतं. तिथली स्कॉलरशिप हुकली, इथली मिळाली. घरी सगळे म्हणाले, झालं ते बरंच झालं. काही दिवसांनी मीही तसंच म्हणायला लागले.

दुसऱ्या वर्षी माझं काम क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा प्रयोगशाळेत, सुरू झालं. तिथे सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, दिसतात ते फक्त डोळे. एक दिवस शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या हातून चिमटा पडला आणि ती जपानीत स्वतःवरच चिडली. मी न राहवून जपानीतच म्हटलं, "असू द्या, माझ्याकडे दुसरा आहे." तिचे डोळे एवढे मोठे झाले की मला हसू आवरेना.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर कंत्राटावर संशोधन करणारी, चार वर्षांपासून त्याच लॅबमध्ये. मी तिला 'सेंपाई' म्हणायला लागले. म्हणजे आपल्या आधी आलेली, वरची. जपानीतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही'चं बोलणं वेगळं असतं. मी तिच्याशी नेहमी अदबीनं बोलायचे. ती मात्र महिन्याभरातच मला धाकट्या बहिणीसारखं अगंतुगं करायला लागली. परदेशात कुणी आपल्याशी असं बोलायला लागलं की किती बरं वाटतं, हे मी वेगळं सांगायला नको.

तिनंच मला शनिवारच्या कराओकेला नेलं. एका विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरात दुपारी जपानी मंडळी जमायची, त्यात जपानी शिकणारे जर्मनही असायचे. एक पडदा, दोन माइक, एक कुरकुरणारा स्पीकर. दर फेब्रुवारीत तिथे जोडीजोडीनं गाण्यांच्या भेंड्यांची स्पर्धा व्हायची. आपण गाण्याचं शेवटचं अक्षर धरतो. तिथे गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरतात. त्या अक्षरानं सुरू होणारं गाणं निवडायचं, मशीनवर लावायचं आणि निदान पहिलं कडवं नीट गाऊन दाखवायचं. नाव अर्ध्या 'न्'वर संपलं तर खेळ खलास, कारण त्या अक्षरानं जपानीत शब्दच सुरू होत नाही.

सेंपाईची आधीची जोडीदारीण दोन वर्षांपूर्वी मायदेशी गेली होती. माझ्या पीएचडीचं शेवटचं वर्ष लागलं तेव्हा ती म्हणाली, "यंदा तू."

"मला गाता येत नाही."

"चांगलं गायचं कोण म्हणतंय? खरं काम निवडायचं आहे."

मी लहानपणी मामाकडच्या सुट्टीत भेंड्यांत कधी हरले नव्हते, त्यामुळे मला ते सोपं वाटलं. ते अजिबात सोपं नव्हतं. गाणं त्या अक्षराचं हवं, मशीनमध्ये हवं, आपल्या गळ्याला झेपणारं हवं, आणि संपताना समोरच्याला अडचणीत टाकणारं हवं. सगळ्यात वाईट अक्षर 'रु'. जपानीत 'रु'वर संपणारे शब्द ढिगानं, पण 'रु'नं सुरू होणारे जेमतेम मूठभर. म्हणजे 'रु'वर संपणारी गाणी साठवून एकामागून एक समोरच्यावर टाकायची. दोन फेऱ्यांत तो गारद.

आम्ही नाताळच्या केकचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात चिठ्ठ्या भरायला लागलो. प्रत्येक चिठ्ठीवर गाण्याचं नाव, वरच्या कोपऱ्यात पहिलं अक्षर, खालच्या कोपऱ्यात शेवटचं. जेवणाच्या सुट्टीत मेन्झात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खानावळीत, बसून हे काम चालायचं. मी गाणी शेपटीकडून ओळखायला लागले. चाल कशी, शब्द काय, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. सेंपाईला ते आवडायचं नाही. माझी एखादी चिठ्ठी उचलून ती विचारायची, "हे ऐकलंस का पूर्ण?" मी नाही म्हटलं की ती चिठ्ठी बाजूला ठेवायची. "आवडत नसलेलं गाणं नुसतं अक्षरासाठी घ्यायचं नाही. लोकांना कळतं."

'रु'ची गाणी शोधायला तिनं तिच्या वडिलांना कामाला लावलं. ते एका छोट्या बंदराच्या गावात बस चालवायचे, आता निवृत्त. बायको गेल्यापासून एकटेच. रविवारी आमच्या सकाळी, त्यांच्या संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल लावायची आणि मीही तिच्या स्वयंपाकघरात चहा घेऊन बसायचे. ते आठवडाभर आठवून ठेवलेली जुनी गाणी म्हणून दाखवायचे, वहीत लिहिलेली यादी कॅमेऱ्यासमोर धरायचे. एकदा त्यांनी 'रुसु' या शब्दानं सुरू होणारं एक गाणं काढलं. 'रुसु' म्हणजे घरी नसणं. मी सांगितलं, "आमच्याकडे रुसू म्हणजे रागावून गप्प बसू." त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या रविवारपासून ते मला पाहिल्या पाहिल्या विचारायचे, "काय, आज रुसू?"

असं चाललं होतं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी प्रोफेसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

ते सरळ माणूस. दार लावून घेतलं तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. म्हणाले, "तुमची पीएचडी मार्चपर्यंत होईल. तुम्ही पुढे इथेच राहावं असं मला वाटतं. पण मार्चनंतर ग्रुपमध्ये एकच जागा आहे. मी तुमचं नाव पाठवलंय."

मी विचारलं, "आणि सेंपाई?" अर्थात त्यांच्यासमोर मी तिचं नाव घेतलं.

"तिचं कंत्राटही मार्चमध्येच संपतं. ते वाढवता येणार नाही. मी तिला सांगेनच. पण आधी तुमचं कागदावर येऊ दे. तोवर कृपा करून कुणाशी बोलू नका."

मी "हो, हो" म्हणत मान हलवली आणि बाहेर आले. आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझा व्हिसा त्या जागेवर अवलंबून होता. नवरा नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही महिन्यातून दोनदा भेटायचो. मला परत जावं लागलं असतं तर सगळंच विस्कटलं असतं. त्याला फोन करून सांगितलं. तो खूश झाला. मग मी सेंपाईचं सांगितलं, तर म्हणाला, "अगं, तुझ्या हातात काय आहे त्यात? सरांनी बोलू नको म्हटलंय ना, मग नको बोलूस. लेटर येऊ दे हातात."

"पण ती रोज समोर बसते."

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

त्याचं चुकीचं नव्हतं. मला जे ऐकायचं होतं तेच त्यानं सांगितलं, एवढंच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेंपाई मेन्झात आली ती उड्या मारतच. तिला एक घर मिळत होतं. दोन खोल्यांचं, तळमजल्यावर, ट्रामच्या थांब्यापासून तीन मिनिटांवर. तेव्हा ती चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायची आणि तिथे लिफ्ट नव्हती. वडिलांचे गुडघे गेलेले. वसंतात त्यांना तीन महिन्यांसाठी आणायचं तिनं ठरवलं होतं, आणि त्यासाठीच ती वर्षभर घर शोधत होती. "तू चल बघायला," ती म्हणाली. "मीट-फरट्राग दोघींनी वाचलेला बरा." मीट-फरट्राग म्हणजे भाडेकरार. जर्मनीत घर शोधलेल्या माणसाला हा शब्द झोपेतही ऐकू येतो.

मी काहीतरी कारण काढायला हवं होतं. किंवा तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चला की."

घर छान होतं. मागच्या खोलीतून लहानशी बाग दिसत होती. सेंपाईनं बूट काढले आणि पावलांनी खोली मोजली. "इथे बाबांची गादी. इथे टीव्ही. इथून सकाळी ऊन येईल." मालकीणबाई साठीच्या, नीटनेटक्या, प्रेमळ वाटल्या. त्यांनी कागद काढले आणि सहज विचारलं, "नोकरी कायमची आहे ना?"

सेंपाई म्हणाली, "कंत्राट मार्चपर्यंत आहे. पण दर दोन वर्षांनी वाढतं. यंदाही वाढेल." आणि ती माझ्याकडे वळली. "हो ना?"

मालकीणबाईही माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "गेनाऊ."

अगदी बरोबर, असं म्हणायला जर्मन माणूस हा शब्द दिवसातून शंभरदा वापरतो. मीही वापरायचे, काही अर्थ न ठेवता, आपण 'हं' म्हणतो तसा. पण त्या दिवशी त्याला अर्थ होता. तिनं त्या खोलीत उभ्या उभ्या सही केली. त्याच संध्याकाळी जुन्या घराची क्युंडिगुंग, म्हणजे सोडत असल्याची नोटीस, पोस्टात टाकली. तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून तिला घाई होती. पोस्टाच्या पेटीपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले.

त्यानंतरचे आठ-नऊ आठवडे मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. कामं चालूच होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत होते. रविवारी वडिलांचा कॉल असायचा. त्यांनी पासपोर्ट काढायला टाकला होता. फोटोत आपण चोरासारखे दिसतो असं म्हणून ते हसायचे. मी दोनदा कॉलला गेले नाही. सर्दी झाल्याचं सांगितलं, तर सेंपाई आल्याचं सूप घेऊन माझ्या दारात. ते सूप मी प्यायले. त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, होता आणि माझ्यासाठी मुद्दाम टाकलेली हिरवी मिरची.

भेंड्यांची तयारी मात्र मी जोरात करायला लागले. 'रु'वर संपणारी चाळीसएक गाणी मी गोळा केली, सगळी पूर्ण ऐकली, कडवी पाठ केली. तिला स्पर्धा जिंकून दिली की काहीतरी फिटेल, असं माझ्या मनात असावं. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. ती मात्र खूश. "आता तुला गाणी आवडायला लागली," म्हणायची.

जानेवारीत माझं पत्र आलं. प्रोफेसरांना मी विचारलं, तिला सांगितलंत का? ते प्रवासात होते. म्हणाले, परत आलो की पहिलं काम तेच. स्पर्धा शनिवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी त्यांनी तिला बोलावलं. मी क्लीनरूममध्ये होते. बाहेर आले तर तिचा कोट खुंटीवर नव्हता. शुक्रवारी ती आली नाही. फोन उचलला नाही.

शनिवारी वाटलं, ती येणार नाही. पण तळघरात शिरले तेव्हा ती आधीच येऊन बसली होती, डबा मांडीवर, समोर टेबलावर फोन उभा करून ठेवलेला. पलीकडे तिचे वडील. जपानात उशीर झालेला असूनही स्पर्धा बघायला ते जागे राहिले होते.

"सेंपाई," मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. "या. बसा. आपला नंबर तिसरा आहे."

'या, बसा' हे तिचे जपानी शब्द अगदी साधे होते. पण इतके दिवस ती मला 'ये, बस' म्हणत होती. आता ती माझ्याशी बँकेतल्या बाईसारखी बोलत होती, एकही चूक न काढता येणारं, सभ्य. मला सगळं कळलं. मी बसले.

समोर आलेल्या पहिल्या दोन जोड्या आम्ही सहज हरवल्या. एकीनं निवडायचं, दुसरीनं गायचं, मग उलट. तिनं गायलं ते नेहमीसारखंच छान. फोनमधून वडील टाळ्या वाजवत होते, मला ओरडून विचारत होते, "काय, आज रुसू?" त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे उघड होतं. मी त्यांच्याकडे बघून हसले.

शेवटच्या फेरीत समोर दोन जर्मन विद्यार्थी होते. त्यांनीही आमचीच युक्ती शिकून घेतली होती. त्यांनी 'रु' टाकलं. सेंपाईनं उत्तर दिलं. पुन्हा 'रु'. आता निवडणार मी, गाणार ती. डबा माझ्याकडे सरकवताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डब्यात 'रु'नं सुरू होणाऱ्या अजून सहा चिठ्ठ्या होत्या. मला सगळ्या पाठ होत्या. तरी अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती. वेळ संपत आली. मी हाताला लागली ती चिठ्ठी काढून मशीनवर नाव लावलं.

पडद्यावर नाव आलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. ते अर्ध्या 'न्'वर संपत होतं. असली चिठ्ठी डब्यात नसायलाच हवी होती. मीच कधीतरी, गाणी न ऐकता गोळा करण्याच्या दिवसांत, टाकली असणार.

आम्ही हरलो. सेंपाईनं वाकून समोरच्यांना नमस्कार केला, मग माझ्याकडे वळून ऑफिस सुटताना सहकाऱ्यांना म्हणतात ते वाक्य म्हणाली: आपण खूप श्रम घेतलेत, आभारी आहे. वडिलांना ती म्हणाली, "बाबा, आता झोपा." आणि फोन बंद केला.

ट्रामच्या थांब्यावर मी तिला गाठलं. दुपारचे चार वाजले होते, बर्फाचा चिखल झालेला. मी माफी मागायला लागले. जपानीत माफी मागायचे इतके प्रकार आहेत, आणि मला परीक्षेसाठी सगळे पाठ होते. दोन-तीन वापरून झाल्यावर तिनं हात वर केला.

"जागा तुम्हाला मिळाली याचा मला राग नाही," ती म्हणाली. "तुमचं काम चांगलं आहे. मीही तुमचंच नाव दिलं असतं. सरांनी बोलू नका म्हणून सांगितलं, तेही समजू शकते."

ट्राम येतेय का ते तिनं वळून बघितलं.

"पण त्या घरात मी तुमच्याकडे बघून विचारलं. तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणाला असतात तरी चाललं असतं. मी सही केली नसती. एवढंच पुरलं असतं मला."

"मी घाबरले, सेंपाई."

"कशाला?"

पत्र हातात येण्याआधी काही बोलले आणि जागा गेली तर, अशी भीती होती, हे खरंच. पण ती माझ्यावर रुष्ट होईल, रविवारची सकाळ जाईल, याचीही भीती होती. म्हणजे तिला गमावू नये म्हणून मी तिचं घर जाऊ दिलं. हे वाक्य कुठल्याच भाषेत बोलण्यासारखं नव्हतं. ट्राम आली आणि ती चढली.

सोमवारी मी प्रोफेसरांकडे गेले आणि जागा अर्धी अर्धी करता येईल का विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तसं होत नाही," म्हणाले. "आणि हे तुम्ही नोव्हेंबरमध्ये विचारलं असतंत तरी झालं नसतं. पण निदान तेव्हा मी तिला लवकर सांगितलं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "चूक माझीही आहे." त्यांनी असं म्हटल्यानं मला हलकं वाटायला हवं होतं.

एकच उपयोगाची गोष्ट माझ्या हातून झाली. मालकीणबाई म्हणाल्या, दुसरा भाडेकरू आणून दिलात तर करारातून सोडते. मी युनिव्हर्सिटीभर चिठ्ठ्या लावल्या, ग्रुपांवर लिहिलं, ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. तिसऱ्या आठवड्यात एक भारतीय जोडपं मिळालं, कम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नव्यानं लागलेलं. त्यांना घर दाखवायला मीच गेले. त्या बाईनं मागच्या खोलीत पाळणा कुठे ठेवायचा ते बघितलं. मी खिडकीशी उभी राहून बागेकडे बघत होते.

जुनं घर तोवर दुसऱ्याला गेलं होतं. मार्च-एप्रिल सेंपाई कुणाच्या तरी घरातल्या एका खोलीत राहिली, सामान तळघरात रचून. मे महिन्यात तिला कायझर्सलाउटर्नच्या एका संस्थेत वर्षभराचं काम मिळालं. सामान हलवायला मी येऊ का, असं मी मेलवर विचारलं होतं. उत्तर आलं, व्यवस्था झाली आहे, आपल्या चौकशीबद्दल आभार. तिच्या वडिलांनी मला स्वतःहून एकदा मेसेज केला: हल्ली रविवारी दिसत नाहीस, तब्येत बरी आहे ना? तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी लिहिलं, काम फार आहे. तेही खोटंच.

मी त्या जागेवर अजून आहे. नवऱ्याला ड्रेस्डेनमध्ये नोकरी मिळाली, आता आम्ही एकत्र राहतो. तो कधीतरी म्हणतो, "अगं, किती दिवस उगाळणार आहेस ते? तिला काम मिळालं ना?" मिळालं. कराओकेला मी नंतर गेले नाही.

गेल्या शरद ऋतूत ती एका परिषदेसाठी इथे आली होती. तिचं भाषण उत्तम झालं. चहाच्या वेळी मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं विचारपूस केली, माझा नवा लेख वाचल्याचं सांगितलं आणि त्यातली एक चूकही दाखवली. ती खरंच चूक होती. मी वडिलांचं विचारलं.

"उन्हाळ्यात येऊन गेले," ती म्हणाली. "सहा आठवडे राहिले. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून फारसे बाहेर पडले नाहीत. खिडकीतून बसगाड्या बघत बसायचे. इथले ड्रायव्हर वळण फार जोरात घेतात म्हणाले."

मी हसले. तीही थोडी हसली. मग कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती कप टेबलावर ठेवून त्या बाजूला गेली.